रंग बघून मासा घेणाऱ्यांनो...

मंडळी, आजचं लिखाण भांडणाचं आहे, आधीच सांगून ठेवतो. शनिवारच्या चहाबरोबर काहीतरी गोडगोड वाचायचं असेल तर सरळ पुढच्या आठवड्यात या. ज्यांच्या घरी फिश टँक आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी मात्र थांबा. भांडण तुमच्याशीच आहे.

विषय आहे अपसाइड-डाऊन कॅटफिश. म्हणजे उलटा पोहणारा मासा. पोट वर, पाठ खाली, आणि तरी अगदी मजेत. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मासा मेला. घरी आलेला पाहुणा हळू आवाजात "अहो, तुमचा तो एक मासा..." असं म्हणतो आणि तेवढ्यात मासा सुर्रकन लाकडाखाली पळतो. त्याचं शास्त्रीय नाव सिनोडोन्टिस नायग्रिव्हेन्ट्रिस. आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला. लांबी जास्तीत जास्त ९-१० सेंटिमीटर. आपल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद म्हणा, मिशा आहेत, अंगावर खवलं नाहीत, आणि पंखाला काटा आहे.

आता दुकानात जा आणि हा मासा मागा. दुकानदार विचारेल, "कुठल्या कलरमध्ये पाहिजे?"

इथे माझं डोकं फिरतं.

कलरमध्ये?! हा काय मोबाइलचा कव्हर आहे का? पण दोष एकट्या दुकानदाराला देऊन चालणार नाही. तो असं विचारतो कारण आपण तसं मागतो. "काळा-तपकिरी नको हो, टँकमध्ये दिसतच नाही. जरा ब्राइट काहीतरी द्या." मग तो 'मार्बल' काढतो, 'लेपर्ड' काढतो, 'पोल्काडॉट' काढतो. सगळे 'अपसाइड-डाऊनच', फक्त कलर वेगळा, असं सांगतो. आपणही दोन हा, दोन तो करत शर्टाच्या कापडासारखे मासे निवडतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग भांडत बसू. या माशाला दुकानात मिळणारे 'कलर' नाहीतच. जो कलर म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा दुसराच मासा असतो किंवा खिचडी मासा असतो. आणि रंगाचा हट्ट आणखी पुढे गेला की माशाला चक्क सुईने रंगवलं जातं. या तिन्हीची किंमत मासाच मोजतो.

आधी खऱ्या माशाचा रंग समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

बाजारातला बांगडा आठवा. पाठ गडद, पोट चंदेरी. बहुतेक मासे असेच असतात, आणि त्याला कारण आहे. वरून बघणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ खालच्या गडद पाण्यात दिसत नाही. खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला फिकट पोट वरच्या उजेडात दिसत नाही. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली प्राण्यांच्या या रंगसंगतीचं स्पष्टीकरण मांडलं. शास्त्रज्ञाने नव्हे, चित्रकाराने. छाया-प्रकाशाचा हिशोब त्याच्याइतका कोणाला कळणार?

आता हाच हिशोब उलट्या पोहणाऱ्या माशाला लावा. याचं पोट आकाशाकडे आणि पाठ तळाकडे. म्हणजे बांगड्याचा रंग याला दिला तर तो सगळ्यांना दिसणार आणि दोन दिवसांत कोणाच्या तरी पोटात जाणार. म्हणून याचं पोट गडद आणि पाठ त्यामानाने फिकी. 'नायग्रिव्हेन्ट्रिस' या नावाचा अर्थच मुळी 'काळ्या पोटाचा' असा आहे. आमच्या धंद्यात म्हणतात ना, 'हा बग नाही, फीचर आहे', त्याचं इतकं सुंदर उदाहरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

उलटं पोहण्यालाही कारण आहे. पाण्याच्या अगदी वरच्या थरात पडलेले किडे, पाण्यात बुडालेल्या लाकडांच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शेवाळ आणि अळ्या हे याचं जेवण. उलटं झालं की तोंड नेमकं तिथे पोचतं. शिवाय पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पृष्ठभागालगतचं पाणी सगळ्यात बरं असतं, आणि तेही याला आयतं मिळतं. पिल्लं मात्र सुरुवातीचे काही आठवडे चारचौघांसारखी सुलट पोहतात, मग उलटतात. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात हे मासे विमानात नेऊन, विमान वरखाली घेऊन क्षणभर वजनरहित अवस्था तयार करून बघितलं की हा आपला तोल सांभाळतो कसा. म्हणजे जगातली हुशार माणसं ज्या माशासाठी विमान उडवतात, त्याला आपण म्हणतो "दिसायला जरा डल आहे."

इजिप्तचे लोक आपल्यापेक्षा शहाणे होते. नाईल नदीत याच कुळातला एक मोठा मासा असाच उलटा पोहतो, आणि चार हजारहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर तो तसाच, उलटा कोरलेला सापडतो. लहान मुलींच्या वेणीच्या टोकाला माशाच्या आकाराचं लोलक बांधायची पद्धत होती, पाण्यात बुडू नये म्हणून. त्यातलं या जातीच्या माशाचं एक सोन्याचं लोलक एडिंबराच्या संग्रहालयात आहे. सोन्याचा मासा त्यांनी केला. माशाला सोनेरी करायला ते गेले नाहीत. फरक कळतोय ना?

बरं, आता दुकानातल्या 'कलर'कडे येऊ.

पहिला प्रकार, दुसराच मासा. सिनोडोन्टिस या एकाच कुळात शंभराहून जास्त जाती आहेत. त्यातल्या अनेकांना अधूनमधून उलटं व्हायची सवय असते. त्यामुळे 'अपसाइड-डाऊन' हे नाव कोणालाही चिकटवता येतं. सगळ्यात जास्त फसवणूक होते ती सिनोडोन्टिस युप्टेरस या माशाने, ज्याला फेदरफिन म्हणतात. चार सेंटिमीटरचं पिल्लू असताना ते ठिपकेदार आणि गोड दिसतं. मग ते वाढतं. आणि वाढतच राहतं. पाठीवरचा पंख शिडासारखा होतो आणि मासा टँकमध्येच सहज १५-२० सेंटिमीटरच्या घरात जातो. स्वभावही तिखट, जागेवरून मारामारी करणारा. दोन फुटी टँकमध्ये निऑन टेट्रांबरोबर ठेवलेला 'मार्बल अपसाइड-डाऊन' सहा-आठ महिन्यांनी टेट्रा गायब करतो तेव्हा लोक म्हणतात, "मासा बिघडला." मासा बिघडला नाही हो. तो पहिल्यापासून तोच होता. लेबल चुकीचं होतं.

दुसरा प्रकार, खिचडी. सिनोडोन्टिसच्या बऱ्याच जाती टँकमध्ये आपण होऊन पिल्लं घालत नाहीत. मग व्यावसायिक फार्मवर हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी काढली जातात. एकदा अंडी आणि बीज हातात आलं की आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा असायला कोणाची आडकाठी? अँजेलिकस नावाचा पांढऱ्या ठिपक्यांचा सुंदर मासा महाग असतो. त्याच्यासारखे दिसणारे संकरित मासे वेगवेगळ्या नावांनी बाजारात येतात. मोठा झाल्यावर किती वाढेल, काय खाईल, कोणाला खाईल, कोणी सांगू शकत नाही. विकणाराही नाही. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड जसा आपल्या गळ्यात मारतात ना, अगदी तस्सं. फक्त इथे कोड डिलीट करता येत नाही. तो जिवंत असतो आणि पुढे दहा वर्षं जगू शकतो.

आणि मग तो 'नकोसा' होतो. नकोसा झालेला मासा कुठे जातो? जवळच्या तळ्यात, नदीत, गणपती विसर्जनाच्या हौदात. "बिचाऱ्याला मोकळं केलं" असं म्हणून पुण्यही पदरात पाडून घेतात लोक! दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच टँकची काच साफ करायला म्हणून घरोघरी आला, हातभर झाला, आणि आज देशभरातल्या नद्या-तलावांत पसरलाय. आपल्या उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यातही तो येतो. खायला कामाचा नाही, काट्यांनी जाळी फाडतो. उजनीचा मच्छिमार कधी अॅक्वेरियमच्या दुकानात गेला नसेल, पण आपल्या हौसेचं बिल तो भरतोय.

तिसरा प्रकार लिहितानाच कसंतरी होतं. रंगवलेले मासे. इथे उदाहरण घेतो ते आपल्याच देशातल्या माशाचं. भारतातल्या नद्या-तलावांत एक छोटा मासा मिळतो, काचेसारखा आरपार दिसणारा, बाजारात ग्लासफिश म्हणून ओळखला जाणारा. आतला काटान् काटा दिसतो. याच्या पाठीत सुई खुपसून चकाकणारा गुलाबी, हिरवा, निळा रंग भरतात आणि 'डिस्को फिश' म्हणून विकतात. त्याच्या शरीराच्या मानाने ती सुई केवढी असते याचा जरा विचार करा. आपल्याला इंजेक्शन पेन्सिलीने दिल्यासारखं. दुसरी एक पद्धत आहे, ती आणखी भारी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर रसायनाने काढायचा, मग रंगाच्या पाण्यात बुडवायचं. तो थर म्हणजे माशाचं रोगांपासूनचं संरक्षण. पांढऱ्या कोरिडोरासवर, म्हणजे कॅटफिशच्याच एका चुलतभावावर, असे रंग चढवून विकलेले आहेत. आणि कॅटफिशला तर खवलंही नसतात. साधं औषध टँकमध्ये टाकतानाही यांच्यासाठी जपून टाकावं लागतं, तिथे ही असली अंघोळ!

ब्रिटनमध्ये 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' या मासिकाने १९९६ साली या रंगवलेल्या माशांविरुद्ध मोहीम उघडली आणि असे मासे विकणार नाही असं कितीतरी दुकानदारांकडून कबूल करून घेतलं. तिथे तपासणी झाली तेव्हा रंगवलेल्या ग्लासफिशमध्ये लिम्फोसिस्टिस या विषाणूच्या रोगाचं प्रमाण न रंगवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आणि एवढं करून तो रंग टिकतो किती? काही महिने. मग उडून जातो. म्हणजे ज्यासाठी सगळं केलं तेही राहत नाही.

आता नेहमीचे मुद्दे येतील. ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर हे सगळे ऐकलेत, म्हणून एकेक करून उत्तरं देतो.

"अरे, तू स्वतः सुरमई खातोस आणि इथे माशांची दया?" हो, खातो. रविवारी तर हमखास. पण खाण्यासाठी मारणं आणि शोभेसाठी जिवंत ठेवून छळणं यात मला फरक दिसतो. कोळीणसुद्धा पापलेटला गुलाबी रंग लावून विकत नाही, आणि लावला तर आपणच तिच्याशी भांडू. पदार्थ म्हणून घेताना आपल्याला भेसळ चालत नाही, मग पाळायला घेताना का चालते?

"माशांना कुठे दुखतं?" २००३ साली ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या तोंडाजवळ वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं दाखवून दिली. ओठात ॲसिड टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासत होते, खाणं टाळत होते. आपल्यासारखंच दुखतं का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, घालू देत. पण 'काही होतच नाही' असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

"मग गोल्डफिश काय आहे? तोही माणसानेच बनवलाय." हा मुद्दा त्यातल्या त्यात बरा आहे. चीनमध्ये हजारेक वर्षं निवड करत करत गोल्डफिश तयार झाला, खरंय. पण त्याचा रंग त्याचा स्वतःचा आहे. बापाकडून पोराकडे जातो, सुईने येत नाही. (फुग्यासारख्या डोळ्यांचे गोल्डफिश मलाही बघवत नाहीत, पण ते भांडण वेगळं.) आणि कोणी चकाकणाऱ्या ग्लोफिशचं नाव काढायच्या आधी: तो जनुक बदललेला झेब्रा मासा आहे, त्याचा रंगही पिढीजात आहे, पण असा प्राणी भारतात आणायला आणि विकायला १९८९ च्या नियमांनुसार सरकारी मंजुरी लागते. दुकानदाराला मंजुरीचा कागद मागून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

"लोकांना जे पाहिजे ते बाजार देतो." अगदी बरोबर. म्हणून तर हा लेख बाजाराला नाही, लोकांना उद्देशून आहे. कुर्ल्याचा बाजार काय, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट काय, चेन्नईचं कोळत्तूर काय, सगळीकडे गिऱ्हाईक म्हणजे आपणच. आणि आपण मासा घेतो कसा? सोफ्याला मॅच होणारा. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा. पोरगा रडतोय म्हणून हा निळा. घरात आणतोय तो जीव आहे की शोपीस, हे ठरवायची वेळच येत नाही.

"मग सरकार काय करतंय?" सरकारने १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. त्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो, म्हणजे मासाही. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज दोन वडापाव येतात. २०१७ साली खास अॅक्वेरियमसाठी नियम काढले, त्यात काही तरतुदी खरोखरच अव्यवहार्य होत्या, आरडाओरडा झाला आणि ते मागे घेतले गेले. तेव्हा कायद्याची वाट बघत बसू नका.

मग करायचं काय? मासे पाळूच नका असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, हा मासा रंगासाठी पाळू नका, वागण्यासाठी पाळा. आणि त्यासाठी फार काही लागत नाही.

दुकानात गेलात की आधी पोट बघा. पोट पाठीपेक्षा गडद किंवा निदान तितकंच गडद असेल तर बोलणी पुढे न्या. पोट पांढरट आणि अंगावर टप्पोरे ठिपके असतील तर नाव काहीही सांगोत, तो हा मासा नाही. मग विचारा, "शास्त्रीय नाव काय? किती वाढतो?" उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. एकटा घेऊ नका. हा घोळक्यात राहणारा प्राणी आहे, चार-पाच तरी घ्या, नाहीतर तो दिवसभर लपून बसेल आणि तुम्ही म्हणाल डल आहे. तेवढ्यांना शंभर लिटरच्या आसपास टँक हवा. काचेचा गोल बाऊल तर मुळीच नको.

तळाला बारीक वाळू टाका. लाकडाचे ओंडके असे ठेवा की खाली आडोसा होईल, कारण हा ओंडक्याच्या खालच्या बाजूला उलटा चिकटून बसतो. वर तरंगणाऱ्या वनस्पती सोडा, म्हणजे उजेड मंद होईल. पाणी २४ ते २७ अंश. मुंबईत हीटर क्वचितच लागेल, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत लागेल. खाणं दिवे घालवताना द्या, हा निशाचर आहे. आणि पकडताना जाळी वापरू नका, पंखाचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मोडतो. डबा बुडवून पाण्यासकट उचला.

एवढं केलंत की मग बघा. हाच 'डल' मासा लाकडावर बसला की गडद होतो, उजेडात आला की फिकट होतो, घाबरला की त्याचे डाग वेगळेच दिसायला लागतात. पाचांपैकी एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नसते. तुम्हाला कलर व्हरायटी हवी होती ना? ही घ्या. फुकट आहे, सुई लागत नाही, आणि उडून जात नाही. फक्त ती बघायला पाच मिनिटं टँकसमोर बसावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्याला टँककडे ओझरतं बघूनच 'वॉव' म्हणायचं असतं. त्या ओझरत्या 'वॉव'साठी कोणीतरी कुठेतरी माशाच्या पाठीत सुई खुपसतं.

दुकानातले मासे मेले तर नवीन येतात, पण खपलेच नाहीत तर ऑर्डर बदलते. रंगवलेला मासा बघून दया आली म्हणून त्याला 'वाचवायला' विकत घेऊ नका. तुमची दया दुकानदाराच्या वहीत विक्री म्हणूनच लिहिली जाते आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी दोन येतात. "हे रंगवलेले आहेत, मी घेणार नाही" एवढं चार गिऱ्हाइकांदेखत जरा मोठ्याने म्हणा आणि बाहेर पडा. चार शनिवार चार जणांनी म्हटलं तरी पाचव्या शनिवारी त्या काचेत दुसरं काहीतरी दिसेल.

असो. भांडण संपलं. ज्यांना राग आला असेल त्यांनी जरूर या, समोरासमोर बोलू. सुरमई मी आणतो :)